पायरीवरून उचललेलं मशीन

समोर कुठलाही कॉम्प्युटर आला, की अण्णा आधी त्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे. बाजारात नारळ निवडताना करतात तशी. मग कान जवळ नेऊन निकाल द्यायचे, "डबा केवढा, आत स्वल्पच."

नव्वदीच्या सुरुवातीला मी बेंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात नवखा इंजिनिअर होतो. आम्ही कॉम्प्युटरचे प्लास्टिकचे डबे बनवायचो. साचा करण्याआधी डब्याचा लाकडी नमुना लागतो आणि तो नमुना अण्णा करायचे. कुणी त्यांना सुतार म्हटलं की मात्र ते हातातली कानस खाली ठेवायचे. "सुतार दारं करतो. मी साच्याला जन्म देतो," म्हणायचे, आणि समोरचा ओशाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे.

त्यांचं घराणं चिकपेटमागच्या गल्लीत चार पिढ्यांपासूनचं. मी निपाणीकडचा. कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून कंपनीच्या बसमध्ये त्यांनी मला शेजारची जागा धरून ठेवायला सुरुवात केली. ते मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ.

त्यांचं खरं काम घरी चाले. त्यांच्या मेहुण्याने आखातातून एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. टीव्हीला जोडायचा, खोडरबरासारखी मऊ बटणं, आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. चढताना मांजरं भांडल्यासारखा आवाज यायचा. अण्णांनी पुस्तकात बघून बघून त्याच्यावर एक रांगोळी काढली होती. ठिपक्यांपासून सुरू होऊन कमळ पूर्ण व्हायला चार मिनिटं लागत आणि तेवढा वेळ त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, स्वयंपाक सोडून टीव्हीसमोर उभी राही. पुढे एका पावसाळ्यात ते मशीन बंद पडलं ते कायमचं. तसली मशीनं तोवर बाजारातूनच गेली होती.

दुसरा कुणी हळहळला असता. अण्णांनी एक सागवानी फळी घेतली आणि स्वतःलाच विचारलं, हा आज असता तर कसा असता?

अशी तीन लाकडी मशीनं त्यांनी केली होती. त्यांतल्या दोघांची मूळ मशीनं तर त्यांनी कधी हातातही घेतली नव्हती, रद्दीतल्या परदेशी मासिकांत फक्त चित्रं पाहिली होती. तरी प्रत्येकाचा जुना चेहरा ओळखू येई, आणि अंग मात्र आजचं. रबरी बटणांचा तो पहिला आता पाटीइतका पातळ झाला होता. कॅसेटच्या जागी फ्लॉपीची फट, उचलायला एक मूठ, आणि कडेला टेलिफोनची तार लावायला भोक. हे कशाला, असं मी विचारलं होतं.

"निपाणीच्या पोराने बेंगळूरच्या पोराबरोबर खेळायला नको?" ते म्हणाले. "आणि बघ, चालू केला की लगेच तयार पाहिजे. तुमचे हल्लीचे कॉम्प्युटर उठून आंघोळ करून देवपूजा करेपर्यंत पोरगं झोपून जातं."

नवरात्रात इकडे घरोघर बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात. वर लाकडी राजाराणी, खाली देव, वाणी, वरातीतले वाजंत्री. अण्णांच्या घरी मधल्या पायरीवर ही तीन मशीनं असत, हळदकुंकू लावलेली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारत, हे कुठले देव? अक्का न हसता सांगायची, "आमच्या ह्यांचे."

त्या वर्षी नवरात्रातच आमच्याकडे दिल्लीची मोठी गिऱ्हाइकं येणार होती. घरात वापरायचा स्वस्त कॉम्प्युटर काढायचा त्यांचा विचार होता आणि डबा कसा असावा, याच्यावर बैठक होती. मी उत्साहाने अण्णांना म्हणालो, तुमचं ते पाटीसारखं मशीन दाखवू या. मी इंग्रजीत एक पानही लिहिलं. खाली अण्णांचं नाव घातलं.

अडचण एकच होती. एकदा मांडलेली बाहुली विजयादशमीपर्यंत पायरीवरून हलवायची नसते. मी त्यांच्या घरी बसलो होतो तेव्हाच हा विषय निघाला. अक्काने साफ सांगितलं, मांडलेलं उचलायचं नाही, तुमच्या साहेबांना इथे बोलवा. अण्णा नखाने फळीची कड घासत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी बघणार होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "एक दिवस. सरस्वतीपूजेच्या आधी परत बसवतो." आणि पायरीवरून त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. अक्काने त्या रिकाम्या जागी तांदूळ घातले आणि ती आत निघून गेली.

बैठकीच्या खोलीत मी मशीन टेबलावर ठेवलं. अण्णा दाराशी उभे राहिले, ज्या टॉवेलात ते गुंडाळून आणलं होतं तो खांद्यावर टाकून. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

पाहुण्यांपैकी एकाने लाकडी बटण दाबून पाहिलं. ते अर्थातच हललं नाही. दुसऱ्याला कुंकू दिसलं. हा चालू करायला पूजा लागते का, असं त्याने विचारलं आणि सगळे हसले. आमचे मॅनेजरही हसले. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, हे कुणाचं डिझाईन?

माझ्या खिशात तो कागद होता.

मी हसलो. मनापासून हसतो तसा, आवाज काढून. आणि इंग्रजीत म्हणालो, की आमचा सुतार सणासाठी खेळणी करतो, त्यातलंच एक गंमत म्हणून आणलंय.

अण्णांना इंग्रजी फार येत नव्हतं, पण एवढे शब्द कळण्याइतकं येत होतं. ते पुढे आले. मशीन टॉवेलात गुंडाळलं, न्हालेल्या बाळाला गुंडाळतात तसं, डोक्यापासून खाली. मॅनेजरना म्हणाले, "थँक्यू सर." मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "तम्मा, कॉफी गार होतेय तुझी."

बसमध्ये त्यांनी त्या दिवशीही शेजारची जागा धरली होती. मी पाहिलं आणि तीन ओळी मागे जाऊन बसलो. मशीन त्यांच्या मांडीवर होतं. पूर्ण रस्ताभर मला त्यांच्या मानेचा मागचा भाग दिसत होता. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. वळले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

नंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. मीच टाळायचो. चार महिन्यांत कोरमंगलाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जास्त पगार मिळाला आणि मी नोकरी सोडली. त्यांचा निरोपही घेतला नाही. तुमच्याही आयुष्यात असा कुणी असेल, ज्याने तुम्हाला कधी जाब विचारला नाही आणि म्हणूनच त्याच्या गल्लीत पाऊल टाकणं तुम्हाला जड गेलं असेल.

पाच-सहा वर्षांनी आमच्या जुन्या बसचा ड्रायव्हर भेटला. अण्णा जाऊन दोन महिने झाले होते. त्या रविवारी मी चिकपेटला गेलो. जे अण्णांना सांगायला हवं होतं ते निदान अक्काला सांगायचं, असं मी चालता चालता जुळवत होतो. पहिलं वाक्यही ठरलं होतं.

अक्काने मला लगेच ओळखलं. आत शेजारची एक बाई बसली होती. अक्का तिला कानडीत म्हणाली, की हाच तो मुलगा. मग माझ्यासमोर कॉफी ठेवून मराठीत बोलू लागली.

"त्या दिवशी घरी आले आणि मला म्हणाले, मशीन नाही पसंत पडलं, सरी, ठीक आहे, पण तम्मा काय भांडला गं माझ्यासाठी. साहेबांच्या तोंडावर बोलला, हे ह्यांचं काम आहे, हसू नका म्हणून. मी रागात होते रे, मांडलेलं मोडलं म्हणून. ते ऐकलं आणि राग गेला माझा."

शेजारीण माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी ठरवलेलं वाक्य शोधत होतो.

"पुढे तू नोकरी सोडलीस तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत," अक्का म्हणाली. "म्हणाले, माझ्यापायी गेला पोरगा. खरं का रे? त्याच्यावरूनच सोडलीस ना?"

तिचे डोळे भरले होते. तिच्या लेखी अण्णा गेल्यावर पहिल्यांदाच कुणी त्यांच्या त्या मशीनसाठी घरी आलं होतं.

"हो, अक्का," मी म्हणालो.