आसाराम चेरमनची बंदी

शिरूर कासारच्या पलीकडे, दोन डोंगरांच्या बेचक्यात लिंबाऱ्याचा तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळी कामावर तो बांधला गेला. एकोणीस वर्षांचा आसाराम तेव्हा आईबरोबर तिथं मातीच्या पाट्या वाहत होता. जातीचा भोई, पण गावात पाणीच नव्हतं, त्यामुळे बापानं मासेमारी सोडून दुसऱ्याच्या शेतात सालं घातली होती. तलाव भरला आणि बापानं आढ्याला टांगलेलं जाळं खाली काढलं.

तलावात पाणी आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, ऐन पावसाळ्यात आसारामनं काठच्या गवतात भाल्यानं एक मरळ मारली. चांगली हाताएवढी लांब. ती उचलताना त्याला दिसलं, की तिच्या खाली बोटाच्या पेराएवढ्या पिल्लांचा लालसर पुंजका घोटाळतोय. पिल्लांची आई वर गेली तरी पुंजका तिथंच गोल फिरत राहिला. आसाराम कावराबावरा होऊन बसून राहिला. दिवस कलेपर्यंत दुसऱ्या माशांनी तो पुंजका खाऊन संपवला. त्या दिवशीची मरळ त्याच्या घशाखाली उतरली नाही.

पुढं चौऱ्याऐंशी साली भोयांची मच्छीमार संस्था झाली, तेव्हा पहिला ठराव त्यानंच मांडला. मृग निघाला, की दोन महिने तलावात जाळं पडायचं नाही. बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं तर बारा महिने बंद. लोक कुरकुरले, पण चार वर्षांत मासळी वाढली आणि कुरकुर थांबली. आसाराम संस्थेचा चेअरमन झाला. गावानं त्याचा चेरमन केला. सख्खा मेहुणा म्हाळू बंदीत जाळं टाकताना सापडला, तर त्याचंही जाळं त्यानं काढून घेतलं. बायको, भिवराबाई, महिनाभर नवऱ्याशी धड बोलली नाही.

बंदीच्या दोन महिन्यांत तो रिकामा बसत नसे. संस्थेची सागवानी नाव काठावर ओढायची, पालथी घालायची, बुडाचं शेवाळ खरवडायचं. फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकून भरायचा, वर राळ आणि तेलाचा लेप द्यायचा, तो वाळला की डांबर. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. "दोन महिने मासळीला इसावा अन् नावेला दवापाणी," असं म्हणायचा.

पंधरा साली लागोपाठचा दुसरा दुष्काळ पडला. मे महिन्यात तलावाच्या मध्यभागी डबकं म्हणावं एवढंच पाणी उरलं. सभा भरली. म्हाळू म्हणाला, "दाजी, औंदा बंदी ऱ्हाऊ द्या. हाय तेवढं काढून घेऊ."

"बारकी काढा की. मृगापस्तोर काढा," आसाराम म्हणाला. "पण मोठी जनावरं ऱ्हाऊ द्या. सात-सात वर्सं पोसल्यात. पाऊस आला तर तलावात बी कुठून आणणार?"

"अन् न्हाई आला तर?"

"आजवर मृग कोरडा गेला आसंल, पण आर्द्रा न्हाई गेल्या."

तीस वर्षं या माणसाचं खरं ठरलेलं होतं. हात वर झाले. सचिव गहिनीनाथनं ठराव लिहून घेतला.

मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरड्या गेल्या. गावात टँकर येऊ लागला. पाणी रोज वीतभर मागं सरकायचं आणि उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडायच्या. काठावरच्या नावेच्या फळ्याही सुकून आकसल्या, फटी पडल्या. काथ्या ठोकावा तर फळीच फुटायची. आसाराम ओली पोती तिच्यावर टाकायचा, तासाभरात पोती वाळून कडक व्हायची.

जुलैतल्या एका सकाळी सारजाबाई काठावर आली. ही संस्थेची सभासद, विधवा बाई. शिरूरच्या बाजारात मासे विकायची आणि अख्ख्या भोईवाड्याची जाळी विणून द्यायची. तिच्या बोटांत सुतळीची सुई अशी फिरायची की बघत राहावं.

"आप्पा, मासा वर तोंड काढायलाय," ती म्हणाली. "मी कालपासून बघतीय. पाण्याला वास यायलाय. एक दिस जाळं टाकू द्या."

"न्हाई."

"कावून न्हाई?"

"ठराव हाय, सारजाबाई. आज तुला दिलं तर उद्या समद्यास्नी द्यावं लागंल."

"मंग द्या की समद्यास्नी."

आसारामनं पाण्याकडं पाहिलं. मोठमोठे कटले मासे पृष्ठभागाला येऊन हवेसाठी तोंडं उघडत-मिटत होते. ते त्यालाही दिसत होतं. दोन दिवसांपासून दिसत होतं. आभाळही भरून आलेलं होतं. त्याला वाटलं, आता चार दिवसांत पडेल. "चार दिस थांब," तो म्हणाला.

सारजाबाई निघून गेली.

आभाळ तसंच राहिलं. वारा पडला. तिसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता म्हाळू पळत आला आणि दारातूनच ओरडला, "दाजी, चला. समदं गेलं."

डबकं पांढरं दिसत होतं. माशांची पोटं वर आलेली. दहा-दहा किलोचे कटले, रोहू, तळाचे मृगळ, एकाला एक लागून तरंगत होते. बायका टोपल्या घेऊन धावत आल्या, चिखलात मांडीपर्यंत शिरल्या. पण मासे कधीच मऊ पडले होते, हात लावला की कातडी सुटून यायची. घारी फिरू लागल्या. दुपारपर्यंत वास इतका सुटला की गावातून निरोप आला, पुरून टाका. पुरुषांनी खड्डे घेतले. आसाराम सगळ्यांत शेवटपर्यंत खोऱ्यानं माती ओढत होता. त्याला कुणी शिवी दिली नाही. म्हाळूनंसुद्धा नाही. त्याला ते जास्त लागलं.

घरी भिवराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो म्हणाला, "मला दिसत हुतं गं. मी बघितलं हुतं."

तांब्या उंबऱ्यावर ठेवून ती आत गेली.

दिवाळीआधी भोईवाड्यातली माणसं पहिल्यांदाच ऊसतोडीला निघाली. आजवर तलाव होता म्हणून त्यांच्यावर ती वेळ आली नव्हती. आसाराम बासष्ट वर्षांचा. मुकादम त्याला घ्यायला तयार नव्हता, पण तो आणि भिवराबाई टोळीबरोबर गेलीच. सगळे गेल्यावर मागं राहायचं त्याला जमणार नव्हतं. जाण्याआधी त्यानं तलावाच्या तळात जिथं अजून ओल होती तिथं खड्डा घेतला, चार जणांच्या मदतीनं नाव त्यात उतरवली आणि वर चिखल लिंपला. ओलीत राहिली तर फळ्या आणखी उघडणार नाहीत, एवढीच आशा.

बेळगावच्या पलीकडं एका कारखान्याच्या फडात ते ऊस तोडत होते. सारजाबाई आपल्या भावाबरोबर शेजारच्याच सरीत असायची. पुसाच्या महिन्यात एका सकाळी, दवानं ओला झालेला कोयता तिच्या हातात फिरला आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. आसारामनंच आपला पटका फाडून हात बांधला. ट्रॅक्टरवर तिला दवाखान्यात नेताना तो शेजारी बसला होता.

"सारजाबाई," तो म्हणाला, "माझ्यामुळं झालं हे."

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आप्पा," ती म्हणाली, "आता नगा बोलू. लई दुखायलंय."

चैत्रात टोळी परतली, तेव्हा तलावात पोकलेन चालू होतं. गाळ काढून शेतात न्यायचं काम निघालं होतं. नाव जिथं पुरली होती तिथं आता पुरुषभर खोल खड्डा होता. मशीनवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चार-दोन फळ्यांचे तुकडे भरावावर पडले होते, बाकीच्या चुलीत गेल्या असतील. आसारामनं तुकडे हातात घेऊन पाहिले. आतून ते ओले होते. लाकूड शाबूत राहिलं होतं.

त्या वर्षी परतीच्या पावसानं तलाव भरला. संस्थेची सभा बसली. आसारामनं राजीनामा पुढं ठेवला, पण त्याआधी गहिनीनाथला एक ठराव लिहायला सांगितला. तलावाचं पाणी बांधातल्या मोरीच्या खाली गेलं किंवा मासा वर तोंड काढू लागला, तर बंदी त्याच दिवशी उठेल, आणि काठावरच्या कुणाही सभासदानं सांगितलं तरी ते धरलं जाईल.

"सूचक कोण लिहू, आप्पा?" गहिनीनाथनं विचारलं.

"सारजाबाईचं नाव लिही."

सारजाबाई मागं भिंतीला टेकून बसली होती. "माझं कशाला?" ती म्हणाली. "मी आता जाळं टाकायची न्हाई." तिनं डावा हात पदराखाली घेतला. तरी गहिनीनाथनं तिचं नाव लिहिलं. अनुमोदन म्हाळूनं दिलं.

नवी नाव फायबरची आली. तिला काथ्या लागत नाही, डांबर लागत नाही. बंदीच्या दिवसांत आसाराम घरीच असतो. पूर्वी सारजाबाईकडं जायची ती शेजाऱ्यांची फाटकी जाळी आणतो आणि दारात बसून नीट करायचा प्रयत्न करतो. त्याचं विणकाम ओबडधोबड आहे, आस लहान-मोठे होतात. मोठ्या आसांतून मासा निसटतो, हे त्याला कळतं. मग तो तेवढं उसवतो आणि पुन्हा बसतो.