समुद्र नसलेलं मार्सेलिस

शनिवार, ५ जानेवारी १९८५. पहाटे बर्फ थांबला. दिवसभर स्वच्छ ऊन, पण वारा उत्तरेचा आणि बोचरा.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मागच्या अंगणातल्या पानांसारखे ते कुंपणाशी साचत राहतात. एक दिवस पानं ओढायचा रेक घेऊन गेलं की कळतं, ढीग केवढा झालाय! काल शिकागोजवळ नेपरव्हिलला मित्रांकडे जमलो होतो. जेवणानंतर कोणीतरी म्हणालं, "नाना, तुमच्या त्या फ्रान्समधलं काहीतरी सांगा." हे सगळे आमच्या गावाला फ्रान्सच म्हणतात. सांगता सांगता कॉफी दोनदा झाली. आज सुट्टी आहे, तर सांगितलं तसंच लिहून ठेवतो.

आमचं गाव म्हणजे अमेरिकेतलं, इलिनॉय नदीकाठचं मार्सेल्स. नाव फ्रान्समधल्या मार्सेलिस बंदराचं, पण समुद्र कुठल्याही दिशेला गेलात तरी शेकडो मैल लांब. गावात एक मेन स्ट्रीट, नदीवर बंधारा, काही कारखाने आणि चहूकडे मक्याची शेतं. मराठी घरं दोन. एक आमचं, म्हणजे मी आणि मालती. दुसरं दामल्यांचं. शरद दामले माझ्याच कारखान्यात इंजिनियर. त्याची बायको नलू डॉक्टर.

*

पहिल्या वर्षी माझ्या साताऱ्याच्या ताईचा निरोप आला, "येताना सेंट आण. तुमच्या गावचा सेंट जगात एक नंबर म्हणे!"

मी मालतीला म्हटलं, "तिला खरं काय ते सांगून टाकू."

मालती म्हणाली, "इतक्या हौसेने मागितलंय, कशाला हिरमोड करता?" तिने कोपऱ्यावरच्या ड्रगस्टोअरमधून एक साधी कोलोनची बाटली घेतली. शेजारीच खोकल्याचं औषध आणि मासे पकडायचे गळ टांगलेले होते.

ताईने ती बाटली शोकेसमध्ये ठेवली. आल्यागेल्याला बूच उघडून वास द्यायची आणि डोळे मिटून म्हणायची, "तिकडच्या हवेतच आहे हो ते!"

*

शरदचे वडील आप्पा, मिरजेला हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. शरद नोकरीसाठी इथे आल्यावर आप्पांनी पहिल्यांदाच ट्रंक कॉल बुक केला. मधल्या कुठल्या तरी ऑपरेटरने गावाचं नाव बघून कॉल थेट फ्रान्सला जोडून दिला!

पलीकडून एक बाई भराभरा काहीतरी बोलली. आप्पा ओरडले, "शरद आहे का?" बाई आणखी भराभरा बोलली. आप्पा आणखी मोठ्याने ओरडले. वेळ संपली आणि फोन कट झाला.

पंधरा दिवसांनी आप्पांचं पत्र आलं. प्रकृती, पाऊस, शेजाऱ्यांचं लग्न, सगळं व्यवस्थित. शेवटी एकच ओळ: "घरात जी कोण बाई ठेवली आहेस, तिला निदान कामापुरतं मराठी शिकव."

नलूने ते पत्र आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

*

आता नलूच्या क्लिनिकचं. गावातले म्हातारे डॉक्टर रिटायर झाले, तेव्हा नलूने हिंमत करून मेन स्ट्रीटवर जागा घेतली. गेल्या उन्हाळ्यात बोर्ड लागला. घरमालकाने जागा नोव्हेंबरअखेरपर्यंतच दिली होती. तोवर जम बसला तर पुढचं लीज, नाहीतर जागा खाली. शिकागोच्या एका हॉस्पिटलने नलूला नोकरी देऊ केली होती. पण त्यांनाही नोव्हेंबरमध्येच उत्तर हवं होतं.

आणि पेशंट येईना! लोक चांगले, रस्त्यात हसून हॅलो म्हणायचे. पण ताप आला की गाडी काढून शेजारच्या गावी जायचे. नलू पांढरा कोट घालून दिवसभर बसायची आणि संध्याकाळी तोच कोट, इस्त्रीही न मोडलेला, हँगरला लावायची.

मालतीने उपाय काढला. "दुकानात गिऱ्हाईक दिसलं की गिऱ्हाईक येतं. माझ्या माहेरच्या लक्ष्मी रोडचा नियम आहे." झालं! शनिवारी मी, मालती आणि शरद वेटिंग रूममध्ये पेशंट होऊन बसलो. मालतीने विणकाम आणलं होतं. मी अधूनमधून खोकत होतो.

अकराच्या सुमाराला खरंच एक बाई आली! दार उघडून तिने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे बापरे, आज गर्दी आहे. मी शेजारच्या गावीच जाऊन येते!"

*

सप्टेंबरच्या शेवटी आप्पा आले. विमानतळावरून घरी आले, चहा घेतला आणि विचारलं, "बंदर कुठल्या बाजूला?"

शरदने मान खाली घातली. "आप्पा, बंदर नाही. नदी आहे."

"चालेल," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना नदीवर घेऊन गेलो. धोतर, वर लांब कोट, डोक्याला मफलर. काठाशी जाऊन त्यांनी वहाणा काढल्या, पाण्याकडे तोंड करून हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मराठी शाळेत इतिहास शिकलेल्या कोणालाही सांगायला नको, कशाला ते! मार्सेलिस म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. बोट, बोटीची एवढीशी खिडकी आणि ती उडी.

माझ्याने राहवेना. म्हटलं, "आप्पा, रागवू नका. पण ते मार्सेलिस वेगळं. ते इथून चार हजार मैलांवर आहे."

आप्पा माझ्याकडे वळले. पस्तीस वर्षं वर्गात मुलांकडे बघायचे, तसंच बघितलं. "नाना, मी इतिहासाबरोबर भूगोलही शिकवायचो. मी नावाला नमस्कार करतोय. घरातल्या गणपतीला करता तेव्हा तो खरा कैलासावर असतो, हे तुम्हाला ठाऊक नसतं काय?"

मीही बूट काढले आणि हात जोडले.

मग रोज सकाळी हाच नेम झाला. काठावर वॉल्टर नावाचा एक गृहस्थ गळ टाकून बसलेला असायचा. रेल्वेतून रिटायर झालेला, एकटा राहणारा, कमी बोलणारा. आप्पा आले की तो टोपी काढायचा. आप्पा गेले की परत घालायचा. दोघांत एक शब्द नाही.

*

ऑक्टोबरच्या मध्यावर एके दुपारी नलूचा मालतीला फोन आला, "वहिनी, लवकर या. लोक कॅसरोल आणतायत!"

कॅसरोल म्हणजे काचेच्या भांड्यात नूडल्स, चीज आणि बहुतेक वेळा मासा नाहीतर कोंबडी घालून भाजलेला प्रकार. पहिलं भांडं डोरोथी हॅन्सन घेऊन आली. ही बाई चर्चमधली सगळी कामं बघते. भांडं टेबलावर ठेवून तिने नलूचे दोन्ही हात हातात घेतले. नलूला वाटलं, गावाने उशिरा का होईना, स्वागत केलं. ती छान हसून म्हणाली, "थँक यू! आम्हाला फार आनंद झाला."

डोरोथीचे डोळे भरून आले. "किती धीराची आहेस गं तू," म्हणाली आणि गेली.

तीन दिवसांत वेटिंग रूमच्या सगळ्या खुर्च्यांवर भांडी झाली. दामल्यांच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. आम्ही मालवणकडचे, त्यामुळे आमची चंगळ! तिकडे कारखान्यात फोरमन शरदजवळ येऊन हळूच म्हणाला, "आज लवकर घरी जा. वडिलांजवळ थांब."

शरद मला म्हणाला, "नाना, हे लोक इतके चांगले कसे काय झाले एकदम?"

*

दिवाळी आली. मालतीने आणि नलूने फराळ केला, आणि मालतीने फर्मान काढलं, "कोणाचंही भांडं रिकामं परत जाणार नाही."

मग नलू घरोघर निघाली. एका भांड्यात चिवडा, एकात शंकरपाळे, एकात बेसनाचे लाडू. आता भांडं द्यायला आलेल्या बाईला दारातून कोण परत पाठवणार? आत बोलावलं, कॉफी दिली. एका घरी आजीबाईंचा पाय सुजलेला दिसला. नलूने तिथेच गुडघे टेकून पाय तपासला. दुसरीकडे बाळाचा खोकला ऐकला. तिसरीकडे नवऱ्याच्या गोळ्या चुकीच्या वेळी चालू होत्या. चार महिने कोट घालून जे झालं नाही, ते लाडवांनी चार दिवसांत झालं!

शेवटचं घर डोरोथीचं. तिने लाडू खाल्ला, आणखी एक घेतला आणि हळूच विचारलं, "वय काय होतं त्याचं?"

"कोणाचं?"

"नदीत गेला त्याचं. तुझे सासरे रोज सकाळी ज्याच्यासाठी येतात."

नलू घरी आली ती पांढरी फटक पडून. मी आणि मालती तिथेच होतो. "सगळ्या गावाला वाटतंय, आपलं कोणीतरी या नदीत बुडालं! दुःखाच्या घरी इथे जेवण नेऊन देतात, म्हणून ती भांडी! आता खरं सांगितलं तर म्हणतील, खोटं दुःख दाखवून जेवणं उकळली. कोण येईल मग माझ्याकडे?"

शरद म्हणाला, "मग नको सांगूस. आपण कुठे काय खोटं बोललोय? आता कुठे पेशंट यायला लागलेत, महिनाभर गप्प बस."

"त्यांच्या पोरांना औषध देणार मी. माझ्यावर विश्वास ठेवून ते आ करणार. आणि मी गप्प बसू?"

आप्पा आतून आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "सूनबाई, या लोकांची सभा कुठे भरते?"

*

सभा नव्हे, चर्चच्या तळघरातलं जेवण. नोव्हेंबरमधला रविवार. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते. लांब टेबलं मांडली होती, निम्मं गाव तिथे होतं. नलूने जेवणाला हात लावला नाही.

आप्पा उभे राहिले. इंग्रजी मिरजेच्या शाळेतलं, पण खणखणीत. "लेडीज अँड जंटलमेन. माझ्या घरातलं कोणीही तुमच्या नदीत बुडालेलं नाही. तुम्ही आमच्यासाठी अन्न आणलंत. ते आम्ही गैरसमजात घेतलं. त्याबद्दल मी घरातला वडीलधारा म्हणून क्षमा मागतो."

हातातले काटे थांबले. डोरोथीचा चेहरा लाल झाला. "मग तुम्ही रोज तिथे काय करता?"

आप्पांनी सांगितलं. तुमच्या गावाचंच नाव असलेलं एक बंदर. बंदरात बोट. बोटीवर पहाऱ्यात आमच्या देशाचा एक तरुण. देश पारतंत्र्यात. माणूस जेमतेम मावेल एवढी खिडकी. पहारेकरी दाराबाहेर. त्याने त्या खिडकीतून अंग बाहेर काढलं, समुद्रात उडी टाकली आणि गोळ्या चुकवत पोहत धक्क्याला लागला. मिरजेच्या वर्गात पस्तीस वर्षं सांगितलेला धडा होता तो. तळघरात एक पोरसुद्धा चुळबुळ करत नव्हतं.

"मग सुटला?" मागच्या टेबलावरून वॉल्टरने विचारलं. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"नाही. धक्क्यावर धावला, पण पकडला गेला. बरीच वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा भोगली."

"पकडला गेला?" वॉल्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग तुम्ही त्याला नमस्कार कशाला करता?"

आप्पा म्हणाले, "त्याने उडी मारली."

वॉल्टरने काटा खाली ठेवला. मग खुर्ची मागे सारून उठला, आमच्या टेबलाशी आला, टोपी काढली आणि नलूला म्हणाला, "डॉक्टर, वर्षभर छातीत काहीतरी होतंय माझ्या. कोणाला बोललो नाही. उद्या किती वाजता उघडता?"

"नऊ वाजता," नलू म्हणाली.

सोमवारी ती साडेआठला गेली, तेव्हा वॉल्टर दाराशी उभा होता. त्याच्यामागे डोरोथी, तिच्यामागे सुजलेल्या पायाच्या आजीबाई आणि त्यांच्यामागे फोरमन, बायको आणि दोन मुलांसकट.

३० नोव्हेंबर, शुक्रवार. नलूने तीन वर्षांच्या लीजवर सही केली.