अरूदादाने स्वतःला न दिलेला सल्ला

अरूदादा गेला त्या रविवारी सकाळी मी त्याच्या कर्वेनगरच्या घरात बुटांसकट शिरलो. साधे बूट असते तर एक वेळ खपून गेलं असतं. पण हे पेडलमध्ये अडकवायचे, तळाला लोखंडी तुकडा असलेले सायकलचे बूट. भरल्या घरात फरशीवर टक टक झालं आणि सगळ्या माना वळल्या. अंगात बुडाला गादी शिवलेली घट्ट चड्डी. टेकडीच्या पायथ्याशी आम्ही रविवारचे सायकलवाले त्याची वाट बघत असताना त्याच्या मुलीचा फोन आला होता, झोपेतच हृदय बंद पडलं म्हणून, आणि मी तसाच सायकल मारत आलो होतो. माझ्या आधी पोचलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, बूट..."

अरूदादा माझा मावसभाऊ, आठ वर्षांनी मोठा. कारखान्यात टूलरूमला होता. बाजार खुला झाला, कारखान्यात नवी यंत्रं आली आणि त्याला पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "कुणाच्या स्वेच्छेने, ते कागदावर लिहिलेलं नाही," एवढंच तो म्हणाला. पुढे हिंजवडीच्या आयटीतल्या पोरांच्या हातात पगार खुळखुळायला लागले, डोंगरात चालवायच्या गिअरच्या सायकली घरोघरी आल्या आणि त्या चालवायच्या कशा हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे जन्मभर सायकलनेच कारखान्यात गेलेल्या दादाला दर रविवारी ते शिकवायची फुकटची नोकरी लागली. मी गेलो तो पोट कमी करायला. पोट अजून आहे.

नवा माणूस आला की दादा आधी त्याला सीटवर बसवून टाच पेडलवर ठेवायला लावायचा. पाय सरळ झाला नाही, म्हणजे सीट खाली, की सुरू... "लाखाची सायकल आणि बसलायत बालवाडीच्या बाकावर!" खडीच्या वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी ठेवा. गिअर चढ लागायच्या आधी हलका करा, चढावर रडत बसून नव्हे. जादा ट्यूब आणि पंप स्वतःच्या पिशवीत हवा, मित्राच्या नाही. हेल्मेट डोक्यात घालायचं असतं, हँडलला टांगायचं नसतं. खाण्याच्या बाबतीत तर तो हेडमास्तरच. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. ताकदीसाठी चोखायच्या परदेशी जेलच्या पाकिटांकडे तो औषधाच्या बाटलीकडे बघावं तसं बघायचा. त्याच्या खिशात केळं, खजूर, शेंगदाण्याची चिक्की. बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मी एकदा निघण्यापूर्वी मिसळ हाणून गेलो, तर म्हणाला, "सुध्या, मिसळ परतल्यावर. आत्ता ती तुझ्याआधी वर येईल." आली. आणि सगळ्यांत शेवटी, दर रविवारी न चुकता... शरीरात कुठेही काही वेगळं वाटलं की खाली उतरा, लाज बाळगू नका.

त्या दिवशी घरात एक वयस्कर नातेवाईक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साठीला आल्यावर सायकली कसल्या चालवायच्या? सायकलनेच घात केला." शेजारच्यांनी लगेच ती भंगारवाल्याला देऊन टाकण्याचा सल्ला दिला. माणूस अजून घरातून हललाही नव्हता! पुढे शोकसभेत आमच्याच गटातले एक साहेब उठून म्हणाले की, दादांनी छातीला लावायचा तो ठोके मोजणारा पट्टा वापरला असता तर... माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो, "सायकलचा काय संबंध? पट्ट्याचा काय संबंध?" एवढं ओरडलो आणि खाली बसलो. कारण संबंध कशाचा होता, ते मला माहीत होतं.

शेवटचे तीन रविवार दादा चढाच्या मध्यावर थांबत होता. छाती चोळायचा, खिशातून गोळी काढून चघळायचा. "पित्त रे. पोहे तिखट झाले होते." गुडघ्यात जरा कळ आली तरी दुसऱ्याला सायकलवरून उतरवणारा हा माणूस! त्याच्यावर मी आजही इतका चिडलोय की समोर असता तर भांडलोच असतो. आणि त्याहून जास्त स्वतःवर... कारण तो थांबला की मला बरं वाटायचं. मलाही दम लागलेला असायचा, थांबायला कारण मिळायचं. तो गेला त्याच दिवशी त्याच्या बायकोने, शैलावहिनींनी, मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भाऊजी, तुम्हाला काही बोलले होते का हो?" मी बुटांकडे बघत म्हणालो, "नाही."

ते 'नाही' महिनाभर पचलं नाही. गेल्या आठवड्यात बायकोला बरोबर घेऊन गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या रडतील, बोलतील, दार दाखवतील, अशी तयारी ठेवली होती. त्यांनी गॅलरीतल्या सायकलवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "त्या गोळ्या मीच आणून द्यायचे, भाऊजी. मला वाटायचं, तुमच्याबरोबर एवढी टेकडी चढतात, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार."

आणि मला वाटायचं, घरी वहिनी आहेत, त्यांचं लक्ष असणार.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "सायकल मी देणार नाही. तिने काही केलेलं नाही."

परतताना रस्ताभर मी दादावर, त्या नातेवाइकांवर, पट्टेवाल्या साहेबांवर तोंडसुख घेत होतो. बायकोने सगळं ऐकून घेतलं. घराच्या दारात कुलूप उघडताना म्हणाली, "रागावून झालं असेल तर एक सांगू? दोन आठवडे झाले, तुम्ही आपला जिना मधे थांबून चढताय. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. आणि सायकलवर जायचं नाही, रिक्षाने जाऊ."