देवळात ठेवलेलं मत

आमची वाडी आरोंद्याच्या खाडीकाठी. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून पूर्वजांनी मातीचा एक लांब बांध घातला होता. त्याच्या आतल्या जमिनीला आम्ही खाजण म्हणतो. सत्तावनच्या निवडणुकीआधीच्या पावसाळ्यात त्या बांधाला खांड पडली. वाडीने माती, झावळ्या, काटेकुटे रचून ती बुजवली, पण पुढच्या उधाणाने पुन्हा उघडली. खांडीला लागूनच माझ्या चुलत काकांचं शेत होतं. दुसरी जमीन त्यांना नव्हती. घरात वर्षभर पुरणारं भात तिथूनच यायचं.

सरकारी ओव्हरसियर येऊन दगडी बांधासाठी खुंट्या मारून गेला. त्याच्या मागोमाग सावंतवाडीचे एक व्यापारी आले. ते सत्ताधारी पक्षाचं काम करत. घरापुढच्या खळ्यात बसून, चहा घेऊन त्यांनी सांगितलं की दगड मंजूर होईल, पण निवडणुकीनंतर, आणि वाडीची पेटी बघून. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. पडद्याआड जाऊन चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. कुठल्या केंद्रावर कुणाची पेटी किती भरली, हे मोजणीत सगळ्यांना कळे.

मी तेव्हा सावंतवाडीच्या एका शाळेत मास्तर होतो. रविवारी घरी येत असे. मराठी राज्य व्हावं म्हणून सभांना जात होतो, घसा बसेपर्यंत बोलत होतो. ती मागणी रास्त होती, असं मला आजही वाटतं. माझी चूक वेगळी होती.

काका मला म्हणाले, "मास्तरा, मराठी राज्य इला म्हणजे खाडीचा पाणी मराठीत बोलतला काय रे?"

खळ्यातले सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चिडलो.

"काका, या वेळी सरकारच बदलणार आहे. सगळे जिल्हे आपल्या बाजूला आहेत. मग बांध अडवणार कोण?"

"सगळे म्हणजे खंयचे?"

मी नावं घेतली. रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर, सातारा, पुणे.

"आणि तेच्या पलीकडे?"

"पलीकडेही हेच वारं आहे."

पलीकडचं मला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हाच्या आमच्या राज्यात गुजरात होता, विदर्भ होता, मराठवाडा होता. यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. मुंबईहून शिळं होऊन येणारं एक वर्तमानपत्र मी वाचत असे, आणि तेही आमच्याच बाजूचं.

काकी आतून म्हणाली, "मास्तरान पेपर वाचल्यान मां? मग झाला. आता चुलीर पेपरच शिजत घालतंय."

वाडी माझ्या बाजूला झुकते आहे हे मला दिसत होतं. पण पडद्याआड गेल्यावर एकेकाला त्या खुंट्या आठवतील, ही भीती मला होती. म्हणून मी देवळात नारळ ठेवायची कल्पना काढली. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. काकांनी एकदा म्हणून पाहिलं, "ज्येका त्येका आपापला बघूंदे रे." मी ऐकलं नाही.

मी नारळ गावकाराच्या हातात दिला. गावकार म्हणजे देवळातला पहिला मानकरी, वाडीच्या वतीने देवाशी बोलणारा म्हातारा. गाऱ्हाणं घालण्याआधी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मुदत काय घालूची?"

आमच्या गाऱ्हाण्यांत मुदत असते. अमुक काम होईपर्यंत, येत्या शिमग्यापर्यंत, असं काहीतरी. देवाकडे माणसाला कायमचं बांधून ठेवायची रीत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मुदत कशाला? शब्द तो शब्द."

म्हातारा देवाकडे वळला. "बा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुका नारळ ठेवतत. मराठी राज्याच्या माणसांका हेंनी आपला मत दिला हा. जो कोण ह्यो शब्द मोडीत, तेका तू बघून घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. काकाही म्हणाले.

आमचा उमेदवार निवडून आला. दुसऱ्या पेटीत आमच्या केंद्रावर जवळजवळ काहीच निघालं नाही. पुढचे काही दिवस मी सावंतवाडीच्या एका हॉटेलात रेडिओला कान लावून बसत होतो. एकेक जिल्हा येत होता. आधी आपले आले आणि मी मुलांसारखा टाळ्या वाजवत राहिलो. मग पलीकडचे येऊ लागले, आणि येतच राहिले. आमच्याकडे वारं होतं, तिकडे नव्हतं. आमचा माणूस जिंकला आणि सरकार होतं तेच राहिलं.

ओव्हरसियर पुन्हा आला नाही. आमच्या आमदाराने बांधाचा प्रश्न मांडला, नाही असं नाही. विचार चालू आहे, असं उत्तर आलं. गुरांनी खुंट्या पाडल्या. पुढे मराठी राज्य झालं, तेव्हा मी पेढे घेऊन घरी गेलो. काकांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "राज्य गावला. बांध खंय आसा?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बासष्टच्या निवडणुकीआधी ते व्यापारी पुन्हा वाडीत आले. बोलणं तेच. तोवर काकांचं अर्धं शेत मिठाने पांढरं झालं होतं, पण उरलेलं वाचण्यासारखं होतं. काका मला शोधत सावंतवाडीला आले. तळ्याच्या काठावर बसलो.

"नारळ तुझ्या हातचो," ते म्हणाले. "गावकार म्हणता, जेणी ठेवलो तेणीच सोडवूक व्हयो. एक फावट ये आणि गाऱ्हाणा घालून आमका मोकळे कर. मगे कोणाक मत घालूचा ता आमी बघतलंव."

मी म्हटलं, मला निवडणुकीची ड्युटी लागली आहे. ड्युटी खरी होती. पण त्याआधीचा रविवार मोकळा होता. मी गेलो नाही, कारण देवळात उभं राहून, ज्या जिल्ह्यांची नावं मी छातीठोकपणे घेतली होती त्यांचा मला पत्ता नव्हता, हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. शिवाय माझ्या हाताने मतं समोरच्या पक्षाला गेली असती. त्या रविवारी मी खोलीवर पेपर तपासत बसलो.

त्या वर्षी वेगळ्या पेट्या गेल्या होत्या आणि कागदावर शिक्का मारायचा होता. कोण कुणाला देतो ते शेजाऱ्यालाही कळलं नसतं. तरी वाडीने शब्द पाळला. आमचा माणूस पडला. व्यापारी पुन्हा फिरकले नाहीत.

मग खाजण गेलं. खांड रुंदावत बांधाचा निम्मा भाग घेऊन गेली. शेतात चिपी उगवली, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं रान. मी एकदा गेलो तर काका आपल्याच शेतात कमरेभर पाण्यात उभे राहून जाळं फेकत होते. मला पाहून जाळ्यातली कोळंबी दाखवत म्हणाले, "पयली भात घरचा आणि सुंगटां इकत. आता सुंगटां घरची." काकी त्यावर हसली नाही. ती काठावर बसून रेशनच्या तांदळातले खडे वेचत होती.

सदुसष्टच्या निवडणुकीआधी मी कुणी न बोलावता देवळात गेलो. गावकार अजून होता, फक्त दिसत कमी होतं. मी नारळ ठेवला, जे सांगायचं ते सांगितलं. माझी चूक झाली, मुदत घालू दिली नाही, या लोकांना मोकळं कर. गुरवाने देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर देव होय म्हणाला, असा आमचा कौल. पाच वर्षांपूर्वी ज्या कामाला मी भीतीने आलो नव्हतो त्याला आता किती वेळ लागतो हे पाहत उभा राहिलो. गुरवाने हात मागे घेतला आणि उजवी पाकळी लगेच खाली आली.

देवाची काहीच हरकत नव्हती. तेव्हाही नसती.

बाहेर पायरीवर काका बसले होते. मी त्यांना सांगितलं की कौल झाला, सगळे मोकळे झाले.

"बरा झाला," ते म्हणाले. मग विचारलं, "मग आता मत कोणाक घालूचा?"

"तुम्हीच ठरवा, काका."

"मत घालून आता मागू काय? बांध घालूक शेत खंय रवला?" त्यांनी विचारलं, आणि ओहोटी लागायच्या आत जाळं काढायला हवं म्हणून उठून खाडीकडे गेले.