माझ्याआधी मार्गासनीला पोचलेला

या सदरात दर महिन्याला कुणाला ना कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात, कुणाचा कुत्रा रिकाम्या कोपऱ्याकडे बघून भुंकतो... मी ते करमणूक म्हणून वाचतो. पुण्याच्या एका शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवतो. भुतंखेतं, भानामती, देवऋषी या सगळ्यांबद्दल मला आजही एकच भावना आहे — किळस. तेव्हा हे वाचून 'अखेर तुम्हीही आमच्यातलेच' अशी पत्रं कुणी पाठवू नयेत. मी तुमच्यातला नाही. घडलं ते लिहितो, एवढंच.

गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी वहिनीचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'तुमच्या दादांच्या छातीत भरलंय. सारखं तुमचं नाव घेतात. एकदा येऊन जा.' दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, मार्गासनीला शेती करणारा. सहा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आई तापाने फणफणली होती तेव्हा या गृहस्थाने आठ दिवस तिला देवऋषीचा अंगारा लावला आणि मला कळवलं नवव्या दिवशी. मी पोचलो तेव्हा तिला नेऊन झालं होतं. त्या दिवशी अंगणातच मी त्याला जे बोललो ते बोललो, आणि पुन्हा त्या घराची पायरी चढलो नाही.

पुण्याहून मार्गासनी म्हणजे सायकलवर एका सकाळचं काम. मी मात्र चार दिवसांचा फेरा आखला. पुणे ते भोर, तिथून भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने वेळवंडीच्या खोऱ्यात वर, खिंड ओलांडून पासली, मग वेल्हे, आणि परतताना मार्गासनी. एकट्याने सायकल घेऊन डोंगर हिंडायची मला हौस होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. मार्गासनी शेवटी येईल, आणि थांबायचं की नुसतं घरावरून पुढे जायचं ते तोवर ठरवता येईल, असा माझा बेत होता. छातीत भरलेला माणूस माझं ठरेपर्यंत थांबेल, हे मी शिकल्यासवरल्या डोक्याने गृहीत धरलं.

कॅरियरला घोंगडी, पंप आणि पंक्चरची डबी बांधून निघालो. भोरच्या पुढे रस्ता नावाला होता. दुसऱ्या दिवशी तर मी सायकलवर कमी आणि सायकल माझ्यावर जास्त. वाटेत भेटेल तो उभा राहून बघायचा आणि 'ह्ये वर न्हाई जायचं' असं फुकट सांगायचा. त्या संध्याकाळी खिंडीखालच्या धनगरवाड्यावर टेकलो. चार झोपड्या आणि मेंढरांचा वास. एका म्हातारीने दूध-भाकरी दिली, अंथरायला घोंगडं दिलं. सकाळी निघताना मी म्हणालो, "जातो."

"जातो न्हाई म्हनू, मास्तर. येतो म्हना."

हे मी पुण्यातही मुद्दाम म्हणत नाही. "आजी, मला इथे परत यायचं नाहीये. मग येतो कसं म्हणू? खोटं होईल ते."

"खोटं कसलं त्यात? वाटंला लागनाऱ्यानं म्हनायचं आसतं."

"मी नाही म्हणणार."

ती रागावली नाही. "बरं. तुमच्या वाटचं म्या म्हनते मग." आणि खिंडीकडे तोंड करून, घरातल्याच कुणाला सांगावं तशी म्हणाली, "येतो."

मला हसू आलं. सायकल खांद्यावर घेतली आणि चढायला लागलो.

खिंडीतून उतरताना सायकल हातातून निसटली, दगडावर आपटली, डावं पेडल वाकडं झालं. पंचाने करकचून बांधलं आणि ढकलत ढकलत दुपारी पासलीत आलो. खळ्यावर भात झोडत होते. एक जण हातातली पेंढी खाली ठेवून म्हणाला, "परत का आलात, मास्तर? वाट चुकलात व्हय?"

"परत कुठला? आत्ताच उतरतोय."

"आत्ता? सकाळच्या पारी हितं पानी पिऊन गेलात की."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, या लोकांना टोपी आणि खाकी पँट घातलेला कुणीही सारखाच. पुण्याचा दुसरा कुणी हौशी पुढे गेला असेल. विषय संपला.

वेल्ह्यात चहाच्या दुकानात मात्र मालक माझ्या सायकलकडे बघून म्हणाला, "दुपारी तर धड व्हती. पायडल कुठं मोडून आनलंत?"

"तो मी नव्हे. कसा दिसत होता तो?"

"आता सोताचं तोंड मला इचारता व्हय?" तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "भाऊ कसा हाय? मार्गासनीला भाऊ आजारी हाय म्हनलात, च्या पन पुरता पिला न्हाई."

दादाबद्दल मी वाटेत कुणालाही, अक्षरशः कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मला भीती वाटली. लगेच त्या भीतीचा संताप आला. कुणी ओळखीचा चेष्टा करतोय का? पण माझा रस्ता तरी कुणाला ठाऊक होता? अजून चांगला दीड-दोन तास उजेड होता आणि मार्गासनीपर्यंत बराचसा उतार. लोहाराने पेडल हां हां म्हणता सरळ करून दिलं. तरी मी निघालो नाही. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून राहिलो, समोरच दवाखान्याची पाटी होती ती बघत. खरं सांगायचं तर मनात आलं — जो कोण पुढे गेलाय तो माझ्या वाटचं काम उरकतोय ना, मग उरकू दे.

सकाळी मार्गासनीला पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. दादा पहाटे गेला होता. वहिनी दारात आली आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "न्हाई मिळाला ना डाक्टर? आसू द्या, भाऊजी. तुमी आलात, तेवढ्यानं सुटले ते."

मग तिनेच सगळं सांगितलं, मला माझ्याबद्दल. काल उन्हं उतरताना मी आलो. दादाचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्याने पेज भरवली. "आईच्या बाबतीत चुकलं माझं, हे म्हनले तुमास्नी. तवा तुमी म्हनलात, ऱ्हाऊ दे दादा, तुला तरी काय ठावं व्हतं. लई रडले दोगंबी." दिवस मावळताना मी सायकलवर बसलो, वेल्ह्याहून डॉक्टर घेऊन येतो म्हणालो. शेजारच्यांनीही मला जाताना पाहिलेलं.

वेल्ह्याला तर मी होतोच. दवाखान्यात कुणी गेलं नाही, रात्री उशिरापर्यंत मी तिथेच बसून होतो. मार्गासनी ते वेल्हे रस्ता एकच.

बायकामाणसं, आजाऱ्याचं घर, डोक्यावरचा ताण... तुम्हाला सुचतील ती सगळी कारणं मी स्वतःला देऊन बघितली आहेत. एकही टिकत नाही. पासलीच्या खळ्यावर कुणी आजारी नव्हतं.

वहिनी उत्तराची वाट बघत उभी होती. मी म्हणालो, "नाही मिळाला, वहिनी."

आजही ती आल्या-गेल्याला सांगते, भाऊजींनी शेवटी मन मोठं केलं. लोक माझ्याकडे आदराने बघतात आणि मी मान खाली घालतो, त्याला ते विनय समजतात. मला दोघांचीही घृणा येते — न विचारता माझ्या तोंडून बोलून गेला त्याची, आणि ओट्यावर बसून राहिला त्याची. दादा माफी मिळाली असं समजून गेला. मी ती अजून दिलेली नाही. दिली असती का, हेही मला ठाऊक नाही, आणि आता मागणारा कुणी उरलेला नाही.