बाबाच्या खोलीतली रेंज

लॅपटॉपचं म्हणणं होतं की कोणतीही समस्या आढळली नाही. वायफाय का लागत नाही, एवढंच मी त्याला विचारलं होतं. त्यानं एक निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, बराच वेळ विचार करत असल्याचं सोंग आणलं आणि हे उत्तर दिलं. मी देवरीच्या शाळेत शिकवते. समोरचा पोरगा धडधडीत खोटं बोलतोय हे दिसत असताना गप्प राहणं मला जमत नाही. पण पोराला निदान वर्गाबाहेर तरी उभं करता येतं.

माझ्या मागे खाटेवर बाबा पडून होता. मान लॅपटॉपकडे वळवून, वाट बघत. रोज संध्याकाळी, गुरं घरी परतायच्या वेळेला, त्या पडद्यावर त्याची मोठी बहीण यायची. माझी आत्या. ती आली नाही तर बाबाशी बोलायला जगात कोणी नव्हतं. हे मी वाढवून सांगत नाही, तेव्हा आम्हाला अक्षरशः तसंच वाटत होतं.

पावसाळ्यात बाबाला लकवा झाला. उजवा हात आणि पाय गेला, आणि भाषाही गेली. पण सगळ्या भाषा गेल्या नाहीत. मराठी गेली, हिंदी गेली, गोंडी राहिली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, लहानपणी घरात शिकलेलं तेवढं टिकतं. त्यांनी ते चांगली बातमी द्यावी तसं सांगितलं. आम्ही दोघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण आम्हाला गोंडी येत नाही.

येत नाही, कारण बाबानंच येऊ दिली नाही. तो जंगलाच्या कामावर मजूर होता. तिथे त्याच्या बोलण्याला लोक हसायचे, नक्कल करायचे. पोरांना कोणी हसू नये म्हणून त्यानं घरात गोंडी बंद केली. आईशी तो गोंडीत बोलायचा, पण आम्ही जवळ गेलो की दोघं मराठीवर यायची. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या हसणाऱ्या लोकांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत, पण त्यांचा मला आजही संताप येतो. मला गोंडीतले इनमिन चार-दोन शब्द येतात. येर म्हणजे पाणी. जोहार म्हणजे नमस्कार. बस्स.

आत्या मुर्रीला, गोंदियाला लागून, तिच्या मुलाकडे राहते. तिचं कमरेचं हाड मोडलेलं, गाडीत बसणं बंद. चिचगडच्या पलीकडचं आमचं गाव तिला परदेशाएवढं लांब झालं होतं. आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही. फोन करायचा तर रस्त्यावरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतं. पण वायफायची तार गावात आली होती. दादानं, माझ्या मोठ्या भावानं, ती घेतली. वायफायचा डबा समोरच्या खोलीत, दाराच्या वर बसवला. बाबाची खोली त्याच्या मागे, मध्ये मातीची भिंत आणि एक दार. तिथे रेंजच्या दोनच काड्या दिसायच्या, पण दोन काड्यांवर आत्या येत होती, कधी थोडी फुटत, कधी अडकत. फोनवरचं बारीक चित्र बाबाला दिसत नव्हतं, म्हणून मी माझा लॅपटॉप त्याच्या उशाशी स्टुलावर कायमचा ठेवून दिला.

ती दोघं बोलायची तेव्हा आम्ही कामं सोडून बघत बसायचो. आत्या हात नाचवत काहीतरी सांगायची आणि बाबाचं अर्धं तोंड हसायचं. एकदा तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. काय झालं म्हणून मी आत्याला विचारलं तर म्हणाली, लहानपणची गोष्ट आहे, मराठीत मजा नाही येत. मला त्या दोघांचा थोडा हेवाच वाटला होता. आपल्याच बापाशी बोलायला आपल्याला तिसरं माणूस मध्ये लागावं, आणि तेही पडद्यावरचं.

मग धान निघाले. कापणी झाली, चुरणं, म्हणजे मळणी, झालं, आणि नेमके आभाळात ढग जमले. धान नीट वाळायच्या आतच दादानं घाईघाईनं पोत्यांत भरले. धानाचं सरकारी खरेदी केंद्र अजून उघडायचं होतं. दरवर्षी पोती समोरच्या खोलीत लागतात. यंदा दादा म्हणाला, बाबाच्या खोलीत लावू. आमच्यात घरातला मोठा माणूस नव्या धानाजवळ झोपतो, हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण त्यानं सांगितलं नाही, पण मला कळलं. बाबाला या वर्षी बांधावर पाय ठेवता आला नव्हता. शेत त्याच्याकडे येऊ शकत नव्हतं, तर निदान धान तरी येऊ दे.

मधल्या भिंतीला लागून पोत्यांची दुहेरी थप्पी लागली, पार आढ्याजवळ गेली. दाराचा एक पल्लाही पोत्यांमागे गेला. एका पल्ल्यातून माणूस आडवा होऊन आत यायचा. खोलीभर नव्या धानाचा वास झाला. बाबानं डावा हात लांब करून एका पोत्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. दादा माझ्याकडे न बघता बाहेर गेला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. त्या घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं घडलं असं आम्हाला दोघांनाही वाटलं.

त्या संध्याकाळी आत्या लागली नाही.

पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाही. वायफाय आहे, रुसतं कधी. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले आणि कंबर कसली. डबा बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. जोडणी विसरायला लावली आणि पासवर्ड नव्यानं टाकला. कधी आमच्या वायफायचं नाव दिसायचं, त्यावर बोट ठेवलं की गोल गोल फिरायचं आणि म्हणायचं, या नेटवर्कला जोडता येत नाही. कधी नावच गायब. तारवाल्याला मोहाखालून फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, एकदा बंद करून चालू करा. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लॅपटॉप समोरच्या खोलीत नेला की मुकाट्यानं लागायचा. त्यावरून तारवाल्यानं निदान केलं की डबा ठीक, तार ठीक, तुमच्या लॅपटॉपचीच ताकद कमी झाली. मला ते पटलं. दोन काड्यांवर चाललेला गाडा, एखादी काडी कमी झाली की बसणारच. देवरीच्या दुकानात लॅपटॉप दिला. तो तिथे दोन-तीन दिवस राहिला. दुकानदारानं आतला कसलासा तुकडा बदलला आणि माझ्यासमोर लावून दाखवला, पाचही काड्या. मी खुशीत घरी आणला, बाबाच्या उशाशी ठेवला, आणि तो पुन्हा गोल गोल फिरायला लागला.

बाबालाच समोरच्या खोलीत न्यावं म्हणून दादानं आणि मी एकदा त्याची खाट उचलून पाहिली. ती त्या एका पल्ल्यातून जाईना. मग दादानं त्याला हातांवर घेतलं, तर पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमांनी तो असा ओरडला की आम्ही त्याला तिथेच पुन्हा झोपवलं. थप्पी काढावी, असं तेव्हाही कोणाच्या मनात आलं नाही. दार अडतं म्हणूनसुद्धा नाही. बाबाचा हात पोत्यावर होता ना. डबा आत आणावा तर तार पुरेना. तारवाला म्हणाला लांब वायर आणून देतो, थेट डब्यातून लॅपटॉपपर्यंत टाकू. आज आणतो, उद्या आणतो.

मधल्या काळात दादानं एक युक्ती केली. मोहाखाली जाऊन आत्याला फोन लावला, तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन बाबाच्या कानाशी लावलं. तिचा आवाज ऐकून बाबाचा चेहरा उजळला. त्यानं लगेच उत्तर दिलं. पण आवाज थांबला नाही, तो आपला पुढेच बोलत राहिला. बाबा पुन्हा काहीतरी म्हणाला. आवाज तरी बोलतच होता. बाबानं मान फिरवली. दादानं मोबाईल खिशात टाकला आणि परत कधी तसं केलं नाही.

त्यानंतर बाबा आमच्याशीच बोलू लागला. मी लॅपटॉपशी झटापट करत बसलेली असायची आणि मागून त्याचं चालायचं. मोठी मोठी वाक्यं असायची. मी वळून म्हणायची, हो बाबा. तो थांबायचा. माझ्याकडे बघायचा. मग तेच पुन्हा सावकाश म्हणायचा, एकेक शब्द सुटा करून, मी पहिलीच्या पोरांना सांगते तसं. मी पुन्हा म्हणायची, हो बाबा. पाणी हवं का, पाठ दुखते का, दादाला बोलावू का, सगळं विचारून व्हायचं. पाणी हवं असलं की मात्र येर म्हणायचा, तेवढं मला कळायचं आणि मी धावत जायची. बाकीचं सगळं माझ्यासमोर पडायचं आणि मला उचलता यायचं नाही. मला त्याचा राग यायचा. आम्हाला दिली असतीस ही भाषा तर काय बिघडलं असतं, असं मी एकदा त्याला मराठीत म्हणालेसुद्धा. त्यानं ते समजल्यासारखं केलं, किंवा खरंच समजला असेल, मला सांगता येणार नाही.

तो गेला त्या दिवशी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. रविवार होता. मी चहा पाजला, लॅपटॉप उघडून ठेवला, पुन्हा एकदा नशीब बघू म्हणून. बाबा पोत्यावर हात ठेवून बोलत होता. आमच्याशी नाही, नुसताच. बऱ्याच वेळानं आवाज थांबला म्हणून मी वळून पाहिलं.

दादानं मोहाखाली जाऊन मुर्रीला फोन केला. आतेभाऊ म्हणाला की आईला आणता येत नाही, आणि ती लॅपटॉपसमोर जाऊन बसली आहे. लागत नाही असं कितीदा सांगितलं, तरी ती उठत नव्हती.

गावातले लोक जमू लागले. बाया आत बसणार, जागा हवी, म्हणून पुरुषांनी पोती उचलली. एकेक करून सगळी थप्पी अंगणात गेली. दाराचे दोन्ही पल्ले उघडले. खोली एकदम मोठी झाली, भिंतीवर उजेड आला. बाया येऊन बसल्या. रडणं सुरू झालं. आणि त्या रडण्यात स्टुलावरचा लॅपटॉप वाजायला लागला.

कोणीतरी मला म्हणालं, बाई, ते बंद कर. मी उठले. कोपऱ्यात रेंजच्या काड्या होत्या, पूर्वीपेक्षाही जास्त. मी त्या बघितल्या, मग उघड्या दारातून अंगणात बघितलं. उन्हात पोती पडली होती. दादा त्यांच्यातच उभा होता, आणि वाजणाऱ्या लॅपटॉपकडे बघत होता. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. ओल्या धानाची ती एवढी जाड भिंत आम्हीच उभी केली होती, त्याच्या मायेनं. दादा एका पोत्यावर मटकन बसला. त्या गोष्टीवर आम्ही आजपर्यंत एकमेकांशी बोललेलो नाही.

मी कॉल घेतला. आत्या दिसली, स्वच्छ, कुठेही न अडकता. मी पडदा बाबाच्या चेहऱ्याकडे वळवला. ती जोहार म्हणाली. मग बोलू लागली. रडत नव्हती, रोज बोलायची तशीच बोलत होती, मध्ये थांबत होती, त्याला उत्तराला जागा ठेवत होती. बाया गप्प झाल्या. त्यांतल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या माना हलवत होत्या, त्यांना समजत होतं. मी लॅपटॉप धरून उभी होते आणि माझे हात भरून आले होते.

त्या म्हाताऱ्या आमच्याच गावच्या होत्या. त्यांतल्या एखादीला बाबाजवळ बोलावून बसवावं, हे आठवडाभरात मला सुचलं नाही. मी लॅपटॉप दुरुस्त करत होते.

आत्याचं बोलणं संपलं. तिनं मला हाक मारली. मी पडदा माझ्याकडे घेतला.

“इतके दिवस तो काय म्हनत होता?” तिनं विचारलं.

“येर म्हणायचा,” मी सांगितलं. “मी पाणी द्यायची.”

“आनखी?”

ती वाट बघत होती. मी तोंड उघडलं. त्याचा आवाज माझ्या कानात होता, वर जाणारा, खाली येणारा. पण शब्द म्हणून त्यातलं एकही अक्षर धरता येईना.

“समजलं नाई तं नाई समजलं,” आत्या म्हणाली. “जसं आयकलं तसं सांग मले. मी समजून घेईन.”

“नाही येत, आत्या.”

तिनं डोळे पुसले, पहिल्यांदाच. मग हळूच विचारलं, “पन बोलत होता ना?”

“हो,” मी म्हणाले. “रोज बोलत होता.”