भगवंतरावांची फेरतपासणी

माणूस खरा असतो असं भगवंतरावांनी कधी मानलं नाही. फार तर तो अजून सापडलेला नसतो. एकतीस वर्षं हैदराबादेत वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेलं किलोचं वजन, बोटभर आखूड गज, सगळं त्यांनी पकडलेलं होतं. त्यांची खास रीत म्हणजे फेरतपासणी. सकाळी दुकान तपासून ‘ठीक’ असा शेरा मारायचा, आणि दुकानदार निर्धास्त झाला की दुपारी पुन्हा दारात उभं राहायचं.

नोकरी संपली, रीत संपली नाही. दूधवाले बदलले, धोबी बदलले. गॅरेजवाले तर पाच झाले; त्यांतल्या दोघांनी गाडी दुरून येताना पाहूनच शटर ओढलं होतं. शेवटी नामपल्लीतला मोईन तेवढा उरला. त्याला हा म्हातारा करमणुकीचा वाटत असावा.

गाडी पंचवीस वर्षांची, पांढरी, चार सिलिंडरची. गेल्या महिन्यात तिनं सिकंदराबादच्या पुलावर आचके दिले आणि ती बंद पडली. आत पत्नी तारामतीबाई, गुडघ्यांना पट्टे बांधून. तासभर उन्हात बसल्या आणि घरी येऊन त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन लावला.

विक्रमनं वडिलांना फैलावर घेतलं नाही तेवढंच. “बाबा, शनिवारी अकरा वाजता सिकंदराबादला उतरतोय. मला घ्यायला त्याच गाडीतून या. धड आली तर ठेवा. नाहीतर दुपारच्या आत विकायची.”

विकायची म्हणजे यापुढे फोनवरून टॅक्सी बोलवायची. ते ड्रायव्हर लांबच्या रस्त्यानं नेतात, याबद्दल भगवंतरावांना तिळमात्र शंका नव्हती. आणि रिक्षात चढणं तारामतीबाईंना जमत नव्हतं.

मोईननं बॉनेट उघडलं, चार प्लग काढून हातावर ठेवले. टोकं झिजलेली, काजळी धरलेली. प्लगच्या वायरींनाही बारीक तडे गेले होते.

“प्लगां गए साब, वायरां बी गए. दोनों साथ में डालो. सामान मेरे पास से तो तुम लेतेच नहीं. जामबाग जाओ, पसंद करके लाओ. बस पुराने प्लग पे जो नंबर है, वहीच लाना. चूड़ी लंबी आई तो अंदर पिस्टन को मार देता.”

सामान आपल्याकडून घ्या असं हा म्हणत नाही, म्हणजे जामबागेतल्या स्पेअर पार्टवाल्यांकडे याचं कमिशन असणार, असं मनात म्हणत भगवंतराव निघाले. पिशवीत जुना प्लग, भिंग, टेप आणि पत्रं तोलायचा छोटा काटा.

पहिल्या दुकानात प्लग निम्म्या किमतीला होते. भगवंतरावांनी अंगठा जिभेला लावला आणि प्लगवरच्या अक्षरांवर घासला. अक्षरं अंगठ्यावर आली.

“प्रिंटिंग है अंकल, निकलताच,” दुकानदार म्हणाला.

“फिर अंदर का बी निकलेगा,” म्हणत ते पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दुकानातला गडी इरिडियमच्या प्लगांवर अडून बसला. महाग आहेत, पण लाख किलोमीटर पाहायला नको म्हणे. “लाख किलोमीटर गाडी चलेगी या मैं चलूंगा?” भगवंतरावांनी विचारलं.

तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक चाळिशीची बाई होती. तिनं जुन्या प्लगवरचा नंबर वाचला आणि तसेच चार साधे प्लग काउंटरवर ठेवले. भगवंतरावांनी भिंगातून अक्षरं पाहिली, जुन्याशेजारी धरून चूडीचे आटे मोजले, टोकाची फट पाहिली. मग काटा काढून एकेक प्लग तोलला.

“काका, सोनं घेताय का?” बाई चक्क मराठीत म्हणाली.

“वजनात चोरी कळते.”

“हो, माहीत आहे. मी प्रियदर्शिनी. आमच्या बाबांचं बेगम बाजारात कापडाचं दुकान होतं. तुम्ही त्यांचा गज जप्त केला होता.” आणि ती हसली. “वायरीसुद्धा तुमच्याच मॉडेलच्या घ्या. चारही वेगवेगळ्या लांबीच्या लागतात, सरसकट एकसारख्या नका घेऊ.”

जिच्या बापाला दंड केला ती हसते कशाला? भगवंतरावांनी वायरी टेपनं मोजल्या. बरोबर होत्या. काही खोट सापडेना, आणि खोट सापडेना हेच त्यांना फार खटकलं. घ्यायचं तर घेतलं, पण प्रत्येक प्लगवर घरी आल्यावर खिळ्यानं बारीक खूण केली.

गुरुवारी मोईननं सामान बसवलं. भगवंतराव स्टूल टाकून समोर बसले होते. मध्येच तारामतीबाईंचा फोन आला, कोथिंबीर आणा म्हणून, आणि तेवढा वेळ त्यांची पाठ वळली. दोन मिनिटं. गाडी घरी आली ती झोकात, पण ती दोन मिनिटं काही त्यांना सोडेनात.

शुक्रवारी दुपारी तारामतीबाई आडव्या झाल्या आणि साहेब फेरतपासणीला उतरले. चारही वायरी दोन्ही टोकांनी उपसल्या. प्लग काढले. खुणा जागच्या जागी, वजन तेवढंच. भगवंतरावांना चक्क थोडं वाईट वाटलं.

उपसलेल्या वायरी त्यांनी वर्तमानपत्रावर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडल्या होत्या, वजनांचा संच मांडावा तशा. पुसूनही काढल्या. प्लगांकडची टोकं लांबीवरून बरोबर बसली. दुसऱ्या बाजूला, जिथून चौघांना ठिणगी वाटली जाते त्या टोपीवर, चार भोकं गोलाकार होती. नियमाचा माणूस. एक, दोन, तीन, चार, असं ओळीनं बसवून टाकलं आणि हात धुतले.

शनिवारी आठ वाजता तारामतीबाई इरकल नेसून तयार. भगवंतरावांनी किल्ली फिरवली.

ठो!

समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. गाडी थरथरली, खोकली आणि मेली. पुन्हा किल्ली, पुन्हा ठो!

“बदललेच शेवटी प्लग!” भगवंतराव ओरडले. काल स्वतःच्या डोळ्यांनी खुणा पाहिल्या होत्या तरी! फोनवर मोईनला त्यांनी काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मोईन स्कूटरवरून आला. बॉनेट उघडलं, वाकला, आणि कशालाही हात न लावता सरळ झाला.

“साब, इसको हात कौन लगाया?”

भगवंतराव बॉनेटवरची धूळ पुसू लागले.

“एक के बाद तीन, तीन के बाद चार, फिर दो. इंजन ऐसाच चलता. इधर तो कोई इस्कूल का गिनती डाल दिया.” त्यानं फडक्याला हात पुसले, हात स्वच्छ होते तरी. “तुम बोले मैंने किया. ठीक है. अभी जोड़ के देतूं. मगर इसके बाद गाड़ी मेरे पास नक्को लाओ.”

‘नाही साहेब, आम्ही हातसुद्धा लावला नाही’ हे वाक्य भगवंतरावांनी एकतीस वर्षं ऐकलं होतं. ते किती पटकन जिभेवर येतं, हे आज कळलं. साडेआठ वाजले होते.

“अहो, बोला की,” तारामतीबाई म्हणाल्या. “वर्तमानपत्राला तेल लागलंय, मी पाहिलंय.”

“मैं निकाला,” भगवंतराव म्हणाले. “चारों. एकदम.”

“कायकू?”

“तू प्लग बदला क्या, देखने को.”

“फिर?”

“नहीं था बदला.”

मोईननं तीन वायरी काढून फिरवून लावल्या, किल्ली मागितली. पहिल्याच फटक्यात गाडी लागली, शिवणयंत्रासारखी. मग त्यानं खिशातून फोन काढून इंजिनाचे चारी बाजूंनी फोटो घेतले.

“ये कायकू?” भगवंतरावांनी विचारलं.

“अब कोई हात लगाया तो मेरेकू मालूम पड़ता. तुम पे भरोसा नहीं साब.”

भगवंतरावांचा चेहरा लाल झाला. मग ते पुढं वाकून फोनमध्ये पाहू लागले.

“इसमें तारीख आती क्या?”

“हौ.”

“कोने में तेरी उंगली आई. फिर से निकाल.”

अकराला दहा कमी असताना गाडी सिकंदराबाद स्टेशनबाहेर उभी होती. विक्रम पुढच्या सीटवर बसला, कान देऊन ऐकत राहिला. नारायणगुड्यापर्यंत आचका नाही की धक्का नाही.

“आवाज छान येतोय, बाबा. काम कुणी केलं?”

“मोईननं. चोख केलं. दोनदा.”

“दोनदा कशाला?”

भगवंतरावांनी आरशात मागं पाहिलं. तारामतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण ओठ दाबून.

“ते आईला विचार,” भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.